सकुबाईच्या वाटून खाल्लेल्या गोळ्या

गोंदियातल्या आमच्या छातीच्या ओपीडीत किस्से जमवावे लागत नाहीत, दार उघडलं की आपोआप आत येतात! मित्रांत सांगायला बसलो की सगळे हसतात. सकुबाईचा किस्सा मात्र मी शेवटी ठेवतो.

सौंदड गावची ही सकुबाई. बसली की उठता येईना, फणी करायला हात वर जाईना, चार पावलांत दम. मी नवऱ्याला, सुखदेवला समजावलं, "हिची प्रतिकारशक्ती हिच्याच स्नायूंशी भांडतेय. आता फुफ्फुसांनाही सूज आलीय."

"अंगाशीच भांडून राहिली? मंग माह्यासंग भांडाले ताकद कुठून आणते?"

सकुबाई हसली आणि खोकल्याची उबळ आली.

*

स्टेरॉइडच्या गोळ्यांनी दम कमी झाला, पण चेहरा गोल गरगरीत! शेजारणी म्हणाल्या, "बाई, गोंदियाचं पाणी मानवलं तुले!"

ती मला म्हणाली, "डॉक्टरसाहेब, लग्नात असं तोंड असतं, तं याच्या घरी नसती आली!"

सुखदेव खाली मान घालून हसत होता.

*

मग आजार उलटला. स्कॅन पुन्हा खराब. खोदून विचारलं तेव्हा कळलं, रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या टोळीतल्या बायकांची कंबर दुखत होती, म्हणून हिनं शिदोरीतल्या चटणीसारख्या आपल्या गोळ्या सगळ्यांना वाटल्या, स्वतःला उरल्याच नाहीत! मी जाम ओरडलो.

"माह्या अंगाले आराम पडला, त्याईले काऊन नाही पडाचा?"

मी पुन्हा गोळ्या लिहून दिल्या.

*

सावरली. पुन्हा आजार उलटला. या खेपेला तिनं गोळ्या वाटल्या नव्हत्या, बंदच केल्या होत्या. "बरी झाली ना मी! बऱ्या माणसानं गोळी कायले खावी?"

हे प्रत्येक पेशंट विचारतो. मी प्रत्येकाला सांगतो, बरं वाटतंय ते गोळीमुळेच. पण बरं वाटलं की डॉक्टरचं कोण ऐकतं? फार वाईट वाटतं हो.

"औंदा रोवण्याले उभी करा मले, गाण्याची पुढची ओळ माही असते," एवढंच मागितलं तिनं. नाही जमलं. फुफ्फुसं आखडली ती आखडलीच. उन्हाळ्यात गेली.

*

पावसाळ्यात कोहमाऱ्याकडे जाताना सौंदडला गाडी थांबवली. बांधीत तिचीच टोळी गाणं म्हणत धान रोवत होती. पुढची ओळ नेहमी सकुबाईची, मागची सगळ्यांची. आता मागची ओळ झाली की सगळ्या गप्प. हात चालू, तोंड बंद. थोड्या वेळानं पुन्हा मागची ओळ.

मी विचारलं, "मधेच का थांबता?"

एकीनं वाकल्या वाकल्याच सांगितलं, "सकुची ओळ हाये ना, साहेब. दम लागते तिले. थांबा लागते."