भोंगाबाई आणि आवाजाचा धडा

तिसरीच्या बाईंना अख्खी शाळा भोंगाबाई म्हणायची. पाठीमागे म्हणायची, हे वेगळं सांगायला नको. पण बाईंना ते ठाऊक होतं आणि, खोटं कशाला बोला, त्यांना त्याचा थोडा अभिमानही होता. त्यांनी ‘वह्या काढा’ म्हटलं की शेजारच्या वर्गातली मुलंही वह्या काढायची. रस्त्यापलीकडच्या स्टेशनरीवाल्यानं एकदा दुकानातल्या वह्या काढून फळीवर ठेवल्या होत्या, असं तो आजही शपथेवर सांगतो. बाईंच्या यजमानांचं चष्म्यांचं दुकान होतं आणि त्यांना डाव्या कानानं कमी ऐकू यायचं. लग्नाच्या वेळी दोन्ही कान शाबूत होते.

तर एकदा वरून आदेश आला, की यापुढे प्रत्येक धड्याच्या शेवटी मुलांनी डिजिटल प्रकल्प केलाच पाहिजे. आदेशाबरोबर टॅबलेटचं एक खोकंही आलं. मुख्याध्यापक आदेशापुढे मान तुकवणाऱ्यांतले नव्हते, ते सरळ लोटांगण घालायचे. दुसऱ्याच दिवसापासून शाळेत प्रकल्पांचं पेव फुटलं. चौथीच्या मुलांनी ‘स्वच्छता’ या धड्यासाठी पटांगणातल्या कचऱ्याचा फोटो काढला, तो कचरा पडद्यावर बोटानं उचलून पडद्यावरच्याच डब्यात टाकला आणि हात धुऊन घरी गेली. कचरा होता तिथंच होता, पण प्रकल्पाला ‘उत्कृष्ट’ मिळालं. दुसरीवाल्यांनी बाक मोजलं, पण फोटोतलं. ते पेन्सिलीहून आखूड भरलं आणि मुख्याध्यापकांनी तेही भिंतीवर लावलं.

भोंगाबाईंचं तसं नव्हतं. करायचं तर नीट करायचं, नाहीतर हात लावायचा नाही, असा त्यांचा खाक्या. तिसरीला ‘आपल्या आजूबाजूचे आवाज’ हा धडा होता. इतकी वर्षं मुलं वहीत पाच आवाज लिहायची आणि मोकळी व्हायची. बाईंनी चार रात्री डोकं खाजवून धडा नव्यानं बसवला. मुलांनी शाळाभर फिरून खरे आवाज टिपायचे, चित्र काढायचं आणि चित्राच्या ज्या भागाला बोट लावू तिथून त्याचा आवाज यायला हवा. मोठी सुरेख कल्पना होती. मुलं टॅबलेट छातीशी धरून बाहेर पडली.

पण कसलं काय. पक्ष्यासमोर टॅबलेट धरला की पक्षी उडून जायचा. नळाला पाणी नव्हतं. व्हॅनवाल्या काकांनी उगाच हॉर्न वाजवायला साफ नकार दिला. आणि मुलं कुठंही उभी राहिली, जिन्यात, गच्चीत, अगदी पाण्याच्या टाकीमागं, तरी एक आवाज मात्र न चुकता टिपला जायचा. घंटेच्या आवाजाखाली ऐकलं तर ‘धावू नका’. पंख्याच्या घरघरीखाली ‘कोण बोलतंय मागे?’ शेवटी मुलांनी शहाणपणा केला, बाकीचे आवाज टाकून दिले आणि बाईंचंच चित्र काढलं.

चित्र हुबेहूब होतं. अंबाड्याला बोट लावलं की ‘वह्या काढा’. नाकाला लावलं की ‘कोण बोलतंय मागे?’ कानाला लावलं की ‘मला सगळं ऐकू येतं’. पोटाला लावलं की ‘ही शाळा आहे की बाजार?’ तळहातात ‘शाब्बास’ होतं आणि हनुवटीवर ‘मोठ्यानं बोल’. बाईंनी प्रत्येक बटण दाबून पाहिलं. त्यांना वाटायचं, आपण एवढी वर्षं जीव तोडून शिकवलं, त्याचा केवढा डोंगर झाला असेल. तो सगळा डोंगर एका बाईच्या अंगावर मावत होता आणि वर कोपर रिकामं राहिलं होतं. त्यांना फार वाईट वाटलं. तरी त्यांनी पूर्ण मार्क दिले, कारण काम चोख होतं.

त्याच आठवड्यात बाईंचा घसा बसला तो बसलाच. डॉक्टरांनी आत आरसा घालून पाहिलं आणि म्हणाले, “गाठी आल्यात. महिनाभर तोंडातून शब्द काढायचा नाही. कुजबुजसुद्धा नाही.”

बाईंच्या पायाखालची जमीनच सरकली. रजा घेतली तर तिसरीची मुलं ‘ब’ तुकडीत जाणार आणि एकदा जोडलेली तुकडी परत फुटत नाही, असा नियम होता. म्हणजे बाई बऱ्या होऊन यायच्या तेव्हा त्यांना वर्गच उरलेला नसायचा. मग साहित्याची खोली. तिथं फुटके पृथ्वीगोल आणि एक हात नसलेला सांगाडा यांच्या सोबतीनं निवृत्तीची वाट बघायची. पहिलीपासून हाताखालून आणलेली पोरं दुसऱ्याच्या हवाली करायची, या विचारानंच त्यांना रडू फुटलं. रडतानाही आवाज काढायची चोरी होती.

मुख्याध्यापकांनी मात्र रस्ता काढला. ते आदेश पुन्हा पुन्हा वाचायचे, कारण त्यांना दुसरं वाचन नव्हतं. “बाई,” ते म्हणाले, “शिक्षकाचा आवाज शिक्षकाच्या तोंडातूनच आला पाहिजे, असं यात कुठं म्हटलंय? आपला आवाजाचा प्रकल्प अजून चालू आहे असं दाखवू. तुम्ही फक्त बसा आणि दाबा.”

तशा बाई बसू लागल्या. समोर टॅबलेट, शेजारी स्पीकर. सकाळी अंबाडा दाबायचा, मुलं वह्या काढायची. मध्येच नाक दाबायचं, मागची बाकं गप्प. गणित झालं की तळहात. वर्ग इतका सुरळीत चालला की बाईंना संताप यावा. चार दिवसांनी यजमान शाळेत आले आणि मुख्याध्यापकांना चाचरत म्हणाले, “याची एक प्रत घरी मिळेल का? फार सुनं सुनं वाटतंय हो. झोपच लागत नाही.”

आता बटण दाबून झालं की बाईंना काही काम नसायचं. तोंड बंद, कान रिकामे. ही गोष्ट पोरांच्या लगेच ध्यानात आली, की बाई आता मध्येच तोडू शकत नाहीत. मग एकेक जण टेबलापाशी येऊन बोलायला लागला. एकानं सांगितलं, की त्याचा आतेभाऊ खोडरबर खातो आणि त्याला गुलाबी आवडतं. दुसऱ्यानं सांगितलं, की खिडकीजवळच्या बाकाखाली एक राज्य आहे आणि सध्या तिथं युद्ध चालू आहे. बाई हनुवटी हातावर टेकून ऐकायच्या. दुसरं करणार काय?

आणि एक दिवस पुटपुटी आली. ही पोरगी बोलायची ते फार तर तिच्या दप्तराला ऐकू जायचं. बाईंच्या हनुवटीवरचं ‘मोठ्यानं बोल’ हे खरं तर हिच्यासाठीच होतं. ते ऐकलं की ती खाली बसायची, विषय संपायचा. तीन वर्षांत बाईंनी तिचं एकही वाक्य शेवटपर्यंत ऐकलं नव्हतं. आता ती टेबलाला चिकटून उभी राहिली आणि म्हणाली, “बाई, आमच्या आजोबांची कवळी हरवली.”

बाईंनी कान पुढं केला.

तेव्हापासून रोज मधल्या सुट्टीत कवळीची बातमी येऊ लागली. आधी काकावर संशय, कारण त्याचं आणि आजोबांचं पटत नव्हतं. मग काकाच्या कुत्र्यावर. मग प्लंबर बोलावून मोरीचा पाइप उघडला, तर त्यात आत्याची अंगठी निघाली. तिच्यापायी आत्यानं शेजारणीशी किती वर्षं अबोला धरला होता, म्हणून आता आत्याला माफी मागायला जायचं होतं आणि ती जात नव्हती. आजोबा दिवसभर सगळ्यांना शिव्या द्यायचे, पण दातांशिवाय त्या कुणाला कळायच्या नाहीत, म्हणून आणखी चिडायचे. बाई घरी जाऊन हे सगळं यजमानांना लिहून दाखवायच्या. पुढं पुढं तर ते दुकान लवकर बंद करून दारातच विचारायचे, “काय, सापडली का?”

महिना सरला. डॉक्टर म्हणाले, “आता बोला.” बाईंनी स्वयंपाकघरात हळूच आवाज लावून पाहिला आणि शेजारच्यांनी भिंतीवर थाप मारली. म्हणजे भोंगा ठणठणीत होता. दुसऱ्या दिवशी आनंदाच्या भरात त्या वर्गात गेल्या. पुटपुटी टेबलापाशी आली, ओठ हलले आणि बाईंच्या तोंडून सवयीनं गेलंच, “मोठ्यानं बोल!” पोरगी वळली आणि जागेवर जाऊन बसली. त्या दिवशी कवळीचं काही कळलं नाही. खोडरबर खाणाऱ्याचंही कळलं नाही. बाईंनी स्वतःला मनातल्या मनात इतकं झापलं, की ते बटण कुठल्याच चित्रावर मावलं नसतं. त्यानंतर त्या वर्गात इतक्या हळू बोलायला लागल्या, की पोरं कान टवकारून पुढं सरकायची. दोन दिवसांनी पुटपुटी परत आली.

तेवढ्यात वर कुणीतरी कळवलं, की तिसरीचा वर्ग मुक्या बाई चालवतात. झालं, तपासणीला साहेब येणार. मुख्याध्यापक घाम पुसत सांगायला आले, “त्यांच्या फोनमध्ये आवाज मोजायचं ॲप आहे. काटा लाल रेषेपलीकडे गेला तर वर्ग तुमचा. नाही गेला तर तुकडी जोडणार. तुम्हाला काय अवघड आहे, बाई? एकदा ओरडा आणि सुटा.”

अवघड काहीच नव्हतं. तेच तर अवघड होतं.

साहेब आले ते नेमके मधली सुट्टी संपता संपता. त्यांनी फोन बाईंच्या तोंडासमोर धरला. टॅबलेट मागच्या बाकावर होता, कारण पोरं चित्रातल्या बाईंना चष्मा काढत होती. मुख्याध्यापक दारात उभे राहून हातांनी ‘वर, वर’ अशा खुणा करत होते. आणि त्याच वेळी पुटपुटी टेबलापाशी येऊन म्हणाली, “बाई, कवळी सापडली.”

“बोला,” साहेब म्हणाले.

बाईंनी एकदा काट्याकडं पाहिलं, एकदा पोरीकडं. ओरडलं तर ही परत जाऊन बसणार आणि या खेपेला कदाचित कायमची. न ओरडावं तर सगळीच पोरं जाणार, हिच्यासकट.

“साहेब,” त्या अगदी हळू म्हणाल्या, “जरा थांबा. ती काहीतरी सांगतेय.”

काटा हललासुद्धा नाही. साहेबांनी भुवया वर केल्या आणि खिशातून पेन काढलं. मुख्याध्यापकांनी डोळे मिटून घेतले.

मागच्या बाकावर कुणाचं बोट कुठं पडलं, देव जाणे. पोटावर, नाकावर, कानावर, सगळीकडेच पडलं असावं. स्पीकरमधून भोंगाबाई अशा कडाडल्या, की खिडकीची काच थरथरली. ‘ही शाळा आहे की बाजार?’ काटा लाल रेषा ओलांडून पार टोकाला गेला आणि तिथंच अडकला.

साहेबांनी फोन हलवून पाहिला, समाधानानं मान डोलावली आणि ‘आवाज भरपूर, वर्ग कायम’ असं लिहून सही केली. आवाज आला कुठून, हे पाहणं त्यांच्या कामात बसत नव्हतं. मुख्याध्यापक त्यांना घाईघाईनं बाहेर घेऊन गेले. बाई खुर्चीत बसल्या, खुर्ची पुढं ओढली आणि म्हणाल्या, “हं. कुठं सापडली?”

“आजीच्या तोंडात,” पुटपुटी म्हणाली. “तिचे दात कधीच पडलेत. तिला कवळी कुणी करूनच दिली नव्हती. आजोबांची घालून बघितली तर तिला नीट बसली.”

“अगं, पण इतके दिवस कुणाला दिसलं कसं नाही?”

“दात दिसायला बोलावं लागतं ना, बाई. ती तोंड मिटून बसली होती. कुणाच्या लक्षातच आलं नाही, की आजी बोलत नाहीये.”

“मग तुला कसं कळलं?”

“मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि विचारलं, आजी, तू का गं बोलत नाहीस? तर ती हसली.”

बाईंनी सरकून तिला खुर्चीत जागा करून दिली.

“मग आता?”

“आता घरात नुसती भांडणं चालू आहेत, कवळी कुणाची म्हणून,” पुटपुटी म्हणाली. “पण आता आजीपण भांडते.”