भुऱ्याला बसायला शिकवलं तेव्हा…

परवा दिवाळीच्या सुट्टीला मलकापूरला उतरले. स्टेशनाबाहेर आमची बैलगाडी होती, बाबा बैलांजवळ उभे होते… आणि गाडीखालची सावली रिकामी होती.

त्या सावलीत आमचा कुत्रा भुऱ्या चालायचा. आमच्या वडनेर गावापासून मलकापूरपर्यंत दोन चाकांच्या मधोमध, जणू गाडी तोच ओढतोय. गेल्या पावसाळ्यात शेतात साप चावला आणि तो गेला. घरी पोचेपर्यंत आम्ही दोघंही त्याच्याबद्दल बोललो नाही… म्हणून आता लिहितेय.

भुऱ्या लहान होता तेव्हा मी नुकतीच बी.ए. होऊन गावी आले होते. आमच्या घरात इतकं शिकलेली मी पहिलीच. मी पोचायच्या आधीच नागपूरहून माझी पास झाल्याची तार आली होती, बाबांनी ती मास्तरांकडून वाचून घेतली, “बरं झालं” म्हणाले आणि बैलांना पाणी दाखवायला गेले.

बस, एवढंच. बाबा वाईट नाहीत हो… पण कौतुक केलं की पोरं बिघडतात, यावर त्यांचा देवापेक्षा जास्त विश्वास.

त्याच आठवड्यात भुऱ्याने घोटाळा केला. बांगडीवाले रहीमचाचा दारात आले, तर हा भुंकत थेट त्यांच्या पायजम्यावर. चाचा दचकले, पेटी हातातून सुटली आणि अंगणभर काचा.

“आता अजून एकडाव असं झालं, तर बाजाराच्या दिवशी मलकापुरात नेऊन सोडून देतो त्याले,” बाबा म्हणाले. बाबा बोलले की करायचे. भुऱ्या मात्र शेपूट हलवत काचा हुंगत होता…

मी म्हटलं, मी शिकवते. काठी न लावता. होस्टेलच्या बाईंकडे एक कुत्री होती, त्या तिला कधी मारत नसत. सांगितलेलं ऐकलं की त्याच क्षणी गोड शब्द आणि बिस्किटाचा तुकडा.

“यासाठीच केलं का वो पोरी तुले बी.ए.?” बाबांनी हात जोडले.

आमच्याकडे बिस्किटं कुठली… ज्वारीच्या भाकरीचा पापुद्रा होता. तो भुऱ्याच्या नाकावरून हळूच मागे न्यायचा. मान वर झाली की बूड आपोआप खाली टेकतं. टेकलं रे टेकलं की “शाब्बास”, आणि तुकडा तोंडात. लवकरच नुसत्या “बस”वर बसायला लागला. पुढे तर “शाब्बास” ऐकलं तरी बसायचा, म्हणजे तुकडा मिळतोच, असा त्याचा हिशेब.

पण दारात कुणी आलं की पुन्हा तेच भुंकणं! मला काही कळेना. मग एक सकाळ चुलीजवळ बसून नुसती पाहत राहिले. दारात कुणी आलं, भुऱ्या भुंकला, आणि मायने चुलीपासूनच भाकरीचा तुकडा फेकला… “घे, खाय अन् चूप बस एकडावचा.”

दारातल्या कुत्र्याला घास घातल्याशिवाय आमच्याकडे कुणी जेवत नाही. तो घास माय त्याला नेमका भुंकल्यावर देत होती. म्हणजे आम्हीच त्याला रोज भुंकायला शिकवत होतो!

मायला म्हटलं, घास दे, पण गप्प बसल्यावर दे. ती म्हणाली, “म्हंजे भुकेल्यानं मांगायचं बी नाई का?” भुऱ्यापेक्षा मायला शिकवायला जास्त दिवस लागले…

एका दुपारी रहीमचाचा पुन्हा आले. मी आत कणीक मळत होते, ओसरीवर बाबा एकटेच भाकरी खात होते. भुऱ्या उठून फाटकाकडे धावल्याचं ऐकलं. मी पिठाच्या हातांनीच दाराआड येऊन थांबले.

“बस,” बाबा म्हणाले.

भुऱ्या बसला. आवाज नाही. बाबांकडे टक लावून बसून राहिला… बाबा त्याच्याकडे बघताहेत, तो बाबांकडे. शेवटी रहीमचाचाच हसले, “अरे पाटील, बेचारा कबसे बैठा है. कुछ तो बोलो!”

बाबांनी ओसरीवर कुणी नाही ना, ते पाहिलं. घसा खाकरला. अगदी हळू म्हणाले, “शाब्बास.” आणि ताटातली अर्धी भाकरीच दिली त्याला. बाजाराचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. बाबांच्या कोटाच्या खिशात मात्र तेव्हापासून भाकरीचे तुकडे असायचे.

पुढच्या उन्हाळ्यात मला अकोल्याच्या मुलींच्या शाळेत नोकरी लागली. बाबा गाडी जुंपून मलकापूरला सोडायला आले, गाडीखाली भुऱ्या होताच. फलाटावर ट्रंक ठेवली आणि बाबा रुळांकडे बघत उभे राहिले. लांबून रेल्वेची शिट्टी ऐकू आली.

तिकडेच बघत ते म्हणाले, “शाब्बास.”

मला आधी कळलंच नाही, कुणाला. भुऱ्याला मात्र लगेच कळलं… भर गर्दीत त्याने बूड टेकलं आणि मान वर केली.

“तुले नाई बे, तिले म्हनलं,” बाबा त्याच्यावर ओरडले. पण हात खिशात गेलाच होता. तुकडा निघाला, त्याचे दोन झाले. एक त्याला दिला. दुसरा माझ्यापुढे धरला… आणि खरं सांगते, मीही ट्रंकेवर मट्‌कन बसले.

परवा गाडीत बाबांचा कोट मांडीवर घेऊन बसले होते. खिसा चाचपला… भाकरीचा चुरा अजून आहे.

भुऱ्या, बाबांना तो शब्द तू शिकवलास रे.