नकाशातली पायवाट

लॉच्या तिसऱ्या वर्षाला आम्हाला महिनाभर एखाद्या वकिलाकडे काम करणं सक्तीचं होतं. वर्गातल्या बहुतेकांनी पुण्यातल्या काचेच्या इमारतींमधल्या फर्म गाठल्या. मीही तीन ठिकाणी अर्ज केले, एकाचंही उत्तर आलं नाही. शेवटी वडील म्हणाले, "घोडेगावला बघ की. आपल्या अवसरीवरनं येष्टीनं जाऊन-येऊन व्हईल."

घोडेगावची फर्म म्हणजे खताच्या दुकानावरच्या दोन खोल्या. बोर्डावर दोन वकिलांची नावं, भाऊ आणि बहीण. भाऊ पुण्यात जिल्हा न्यायालयात असायचे, इकडे फक्त शनिवारी यायचे. बाकी सगळं मॅडमच बघायच्या.

पहिले चार दिवस मी फायलींना पानांचे आकडे घातले. आकडे घालता घालता आतलं वाचायचा नाद लागला. माणसं कशाकशावरून कोर्टात येतात, याचं मला भारी नवल वाटायचं. विहिरीच्या पाळीवरून, जांभळाच्या फांदीवरून, लग्नात न दिलेल्या मानावरून. मी मॅडमना विचारत सुटायची. एकदा त्या म्हणाल्या, "हवं तेवढं विचार. फक्त पक्षकारासमोर नको. त्याला वाटतं वकिलालाच काही माहीत नाही."

पाचव्या दिवशी त्यांनी रस्त्याची फाइल हातात दिली. आमच्या पक्षकाराचं शेत त्याच्या चुलत भावाच्या शेतामागे. मधल्या बांधाजवळून वडिलांच्या काळापासून बैलगाडी जायची, तेव्हा भांडण नव्हतं. आता उसाला ट्रॅक्टर आला, ट्रॉलीला जास्त रुंदी लागायला लागली आणि चुलत भावाचं पीक चाकाखाली जायला लागलं. त्यानं रस्त्यावर आडवा चर खणला आणि वर बाभळीच्या फांद्या टाकल्या. पक्षकारानं तहसीलदारांकडे रस्ता मोकळा करून मागितला होता. चुलत भावाचं लेखी म्हणणं एवढंच, की इथून कित्येक वर्षांत कोणीही गेलेलं नाही, वहिवाट नाहीच.

"जागा बघून ये," मॅडम म्हणाल्या. "कच्चा नकाशा काढ. कोणाशी वाद घालू नको. नुसतं बघ."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं मी पक्षकाराच्या गावात उतरले. पक्षकार फाट्यावर उभाच होता, मोटरसायकलला दुधाच्या दोन किटल्या अडकवलेल्या. "ताई, मी डेअरीला जाऊन येतो, तासभर लागंल. तुमी व्हा फुडं. त्यो करंज दिसतोय ना, तिथंच हाय चर." तो निघाला आणि मी एकटीच बांधावर पोचले.

मी पावलं मोजून अंतरं लिहिली. करंज, विहीर, दोघांची घरं, चर. मग चराजवळ वाकून बघताना एक गोष्ट दिसली. एका टोकाला चरात एक सपाट दगड नीट बसवला होता, पाय ठेवता येईल असा. त्याच्यावरची फांदी बाजूला सारून ठेवलेली. आणि दगडाच्या दोन्ही अंगांना गवत दबून पांढुरकी, वीतभर रुंदीची पायवाट पडली होती. ताजी, रोजच्या पायाखालची.

कोणी जात नाही म्हणतात, मग हे कोण जातं? माझं काम झालं होतं, पण मी करंजाखाली बसून राहिले.

थोड्या वेळानं चुलत भावाच्या घराकडून एक बाई झपझप आली. चाळिशीची असेल. तिनं सवयीनं दगडावर पाय दिला, चर ओलांडला आणि मला बघून जागच्या जागी थबकली.

"कोन गं तू? तलाठ्याकडची का?"

"नाही. वकिलांकडची."

"कुनाच्या?"

मी खरं ते सांगितलं. ती चुलत भावाची बायको निघाली. तिनं मागे वळून आपल्या घराकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या कागदाकडे.

"थोरल्या आत्याबायला सुई द्याया जाते," ती म्हणाली. थोरल्या आत्याबाई म्हणजे आमच्या पक्षकाराची आई. "साखर हाय त्यांना, दोन टायमाला सुई लागती. हितली जाऊ सुई बघूनच भेती. माझ्या बापाला साखर व्हती, मला सवय हाय. ह्ये दोघं बाप्ये सकाळ-सांच्याला डेअरीला गेलं की मी यीऊन जाते."

"म्हणजे दोघांनाही माहीत नाही?"

"न्हाई. कळलं तर एक म्हनंल जाऊ नगं, दुसरा म्हनंल यीऊ नगं." ती माझ्यासमोर उकिडवी बसली. "तू ह्ये लिव्हनार का?"

फायलीतल्या प्रश्नांना मॅडम उत्तर द्यायच्या. इथं मी एकटी होते. "मॅडमना सांगावं लागेल," मी म्हणाले. "त्यांच्यापासून लपवता येणार नाही."

"सांग मंग. पन म्हातारीची सुई चुकाया नगं." एवढं बोलून ती उठली आणि पक्षकाराच्या घरात गेली. पाच मिनिटांत परत आली, माझ्याकडे न बघता दगडावरून पलीकडे गेली. मी नकाशात तुटक रेघेनं पायवाट काढली. कोणाची, ते लिहिलं नाही.

ऑफिसात मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं त्या खूश होतील. समोरच्या पक्षाच्याच घरातली बाई रोज दोनदा त्याच वाटेनं जाते, याहून चांगला पुरावा कुठला? पण त्या पेन्सिलीनं टेबलावर ठकठक करत राहिल्या.

"केस पक्षकाराची आहे," शेवटी म्हणाल्या. "त्याच्यापासून लपवून ठेवता येणार नाही. ठरवू दे त्यालाच."

दुसऱ्या दिवशी पक्षकार बायकोला घेऊन आला. मॅडमनी सरळ सांगितलं. त्यानं बायकोकडे बघितलं. "तू टोचतीस ना आईला?"

"मला चक्कर येती सुई बघून," ती पदराशी चाळा करत म्हणाली. "चार म्हैनं झालं, तीच येतीया."

"चार म्हैनं! अन् आईला ठावं हाय?"

"त्यांनीच सांगितलं, ह्याला सांगू नगं."

"माझ्याच घरात मी पावना का काय?" तो लाल झाला होता. मॅडमनी त्याला पाणी दिलं आणि विचारलं, चुलत भावाच्या बायकोला साक्षीदार म्हणून बोलवायचं का. बोलवलं तर केस भक्कम होते. तो हातातला ग्लास फिरवत बसला. "इचारून सांगतो," म्हणाला. कोणाला विचारणार, ते मला विचारावंसं वाटलं, पण पक्षकारासमोर प्रश्न नको म्हणून जीभ आवरली.

दोन दिवसांनी तो एकटाच आला. "नगं मॅडम. तिला मधी घ्यायचं न्हाई. बाकी काय व्हईल ते करा."

पुढच्या आठवड्यात तहसीलदार जागा पाहायला आले. दोन्हीकडची माणसं, तलाठी, मॅडम, मी. साहेबांनी अर्जाला जोडलेला माझा नकाशा हातात धरला आणि चराच्या टोकाशी जाऊन उभे राहिले.

"ही पायवाट कोणाची?"

आमचा पक्षकार करंजाच्या शेंड्याकडे बघत होता. साहेबांनी चुलत भावाला विचारलं, "तुम्ही लिहून दिलंय, कोणी जात नाही."

"न्हाईच जात साहेब. कुत्री-बित्री जात असतील."

"कुत्री दगड बसवतात का?"

मागे त्याची बायको इतर बायकांत उभी होती. ती पुढे आली. "मी जाते," म्हणाली. "म्हातारीला सुई द्याया. दगूड मीच ठिवलाय."

चुलत भाऊ तिच्याकडे बघतच राहिला. मग बांधावर खाली बसला. तलाठ्यानं पंचनाम्यात ते वाक्य उतरवून घेतलं. ते लिहिलं जाताना मला आनंद झाला नाही. मी तिच्या चेहऱ्यावरून काही कळतंय का ते बघत होते, पण ती नवऱ्याकडे बघत होती.

माझा महिना संपला तेव्हा निकाल लागला नव्हता. दिवाळीच्या सुट्टीत घरी आले आणि राहवेना म्हणून मॅडमच्या परवानगीनं पक्षकाराला फोन लावला. रस्ता मिळाला होता, मागितला होता त्यापेक्षा अरुंद. दोघंही नाराज होते.

"अन् आजींची सुई?" मी विचारलं.

"तीच देती की. आता डेअरीची येळ बघत न्हाई. दिवसाढवळ्या येती, च्या पिऊन जाती."

"आणि ते? तुमचे भाऊ?"

"बोलत न्हाई अजून. पन परवा माझी ट्रॉली रुतली व्हती. आला, न बोलता धक्का मारला अन् गेला निघून."