बाकीचे तीस टक्के

माझा चॉकलेटवर विश्वास नाही. तसा माझा फारसा कशावरच नाही, हे माझ्या वर्गातली मुलं आणि आमच्या गल्लीतला दूधवाला एका सुरात सांगतील. पण डार्क म्हणवणारं चॉकलेट हा प्रकार मला जरा जास्तच बनेल वाटतो. वरून काळाभोर कागद, त्यावर सोनेरी अक्षरं, आणि पाकीट उलटून मागची बारीक अक्षरं वाचावीत तर पहिलीच वस्तू साखर. म्हणजे आपण घेतली साखरच, फक्त काळी करून दिलेली.

हा स्वभाव मला अण्णांकडून आलाय. अण्णा म्हणजे माझे वडील. मूळचे बोरीकडच्या शेतकरी घरातले, आयुष्यभर परभणीत सरकारी कारकुनी केलेले. टरबूज घ्यायचं म्हटलं की चार गाड्यांवरची टरबुजं वाजवून पाहणार, तूप तळहातावर चोळून हुंगणार, आणि एवढं करून घरी आल्यावर म्हणणार, "फसवलंच त्यानं." आई हसायची. "मला बगायला आले तवा मला सुदिक वाजवून बगितलं असंल ह्यांनी," म्हणायची. आई गेली आणि घरात आम्ही दोघं शक्की माणसंच उरलो. हसणारं कोणी राहिलं नाही.

मी इथल्याच एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. आई गेल्यावर मी घर आणि कॉलेज याखेरीज कुठं जाईना, तेव्हा माझ्याबरोबर शिकवणाऱ्या एका मैत्रिणीनं मला ओढून सह्याद्रीतल्या एका गडावर नेलं. पाठीवर बॅग, दोन मुक्काम, सगळं चालत. परभणीत चढ म्हणून जो काही आहे तो रेल्वेच्या पुलाचा, त्यामुळं सवयीसाठी आधी आम्ही जिंतूरकडच्या टेकड्या चढून पाहिल्या. तेवढ्यावर मला वाटलं, जमेल. गडाच्या अर्ध्या वाटेवर माझ्या डोळ्यांपुढं अंधारी आली. बॅगेत धपाटे होते, पण तोंडाला इतकी कोरड पडलेली की घास गिळेना. मैत्रिणीनं डार्क चॉकलेटचे दोन तुकडे माझ्या तोंडात कोंबले. कडू होतं, पण हळूहळू विरघळलं आणि पाय परत माझे झाले. वर पोचल्यावर मी आईसाठी पोटभर रडले. घरी अण्णांसमोर ते कधी जमलं नव्हतं.

त्यानंतर ते चालणं मी सोडलं नाही. खरं सांगायचं तर त्यावरच मी उभी होते.

अण्णा याबद्दल चकार शब्द बोलायचे नाहीत. मैत्रिणीनं एकदा आमच्या घरी चहा पिताना माझ्या चक्करेची गोष्ट रंगवून सांगितली, तेव्हा त्यांनी कप खाली ठेवला आणि खिडकीबाहेर बघत राहिले. जा म्हणाले नाहीत, जाऊ नको म्हणाले नाहीत. त्यांनी एकदा जरी "नको जाऊ" म्हटलं असतं ना, तर मी गेले नसते. त्यांना घरात एकटं सोडून जाते याची टोचणी मला होतीच. त्यामुळं मी त्या "नको"ची सारखी धास्ती घेऊन होते.

तर चॉकलेट. दुधाचं चॉकलेट आमच्या परभणीत होळीनंतर प्यायची वस्तू होते, ते बाद. डार्कमध्ये मी आधी मागची अक्षरं वाचते. कोकोच्या आधी साखर आली तर पाकीट परत फळीवर. कोकोच्या लोण्याऐवजी वनस्पती तेल घातलं असेल तर दुकानदाराकडं एकदा रोखून बघून परत फळीवर. मग पाकीट कानाशी धरून हलवते. आत खडखडलं तर तुकडे झालेत, म्हणजे कुठंतरी आपटलंय. पाठीवरच्या बॅगेत जड डबे चालत नाहीत, म्हणून चपटी, जाड वडी बरी. आणि सत्तर टक्क्यांच्या वर जायचं नाही, कारण नव्वद टक्क्यांची वडी मी एकदा आणली होती आणि ती खाऊन मैत्रीण दोन तास माझ्याशी बोलली नव्हती.

पहिल्यांदा अशी निवडून आणलेली वडी अण्णांनी भिंग लावून पाहिली.

"सत्तर टक्के कोको म्हंजे बाकीचे तीस टक्के काय हाय?"

"साखर असते अण्णा."

"लिव्हलंय का तसं? न्हाई ना? मग तुला काय ठावं." भिंग खाली ठेवून म्हणाले, "त्या तीस टक्क्यांतच फसवतेत माणसाला."

ती वडी मी फ्रिजमध्ये कढीपत्त्याच्या डब्याशेजारी ठेवली आणि निघायच्या दिवशी बॅगेच्या वरच्या कप्प्यात टाकली. गडावर उघडली तर वडीवर पांढरे गोल ठिपके. मैत्रीण "बुरशी!" म्हणून मागं सरली. आम्ही दाण्याच्या लाडवांवर भागवलं, आणि परत आल्यावर मी ती वडी घेऊन थेट दुकानात.

दुकानदार शांत माणूस. त्यानं वडी उलटीपालटी केली. "बुरशी न्हाई मॅडम. पाणी लागलं की असे ठिपके येतेत. अन् थोडी गरम बी झाल्यासारखी हाय." मग नाकाशी नेली. "ह्याला कापराचा वास यायलाय."

"तुम्हीच कापराशेजारी ठेवली असेल."

"आमी कापूर-उदबत्ती ठेवतच न्हाई. तुमच्या घरीच बगा."

वा रे वा! स्वतःचं खापर गिऱ्हाइकाच्या डोक्यावर. आमच्या घरात आई गेल्यापासून कापूर जळाला नव्हता. स्वयंपाकघरातला देव्हारा रविवारी मी पुसायचे, तेवढंच. अण्णा तर देवाच्या बाबतीत आधीपासूनच हात वर केलेले. मी त्या दुकानात जायचं बंद केलं.

पुढच्या वेळी दुसऱ्या दुकानातून घेतली. या वेळी मी कोणालाही संधी देणार नव्हते. घरी आल्या आल्या पाकिटाची चिकटवलेली कड बोटानं तपासली, पक्की होती. गडावर बॅग उघडली तर कड सुटलेली. आतल्या कागदाची चांदी उलगडून पुन्हा नीट, घडीवर घडी घालून मिटलेली. वडीवर तेच ठिपके आणि तोच वास. आणि वडीचे चौकोन मोजले तर एकही कमी नव्हता.

हे मला चोरीपेक्षा वाईट वाटलं. चोर खातो, त्याचं समजू शकतं. उघडायचं आणि खायचं नाही, हा काय प्रकार आहे? दोन दुकानांतले दोन दुकानदार एकच खोडी करणार नाहीत. मग दोन्ही वेळा सारखं काय होतं? आमचं घर. आणि घरात माझ्याशिवाय एकच माणूस.

त्या उतारावर मला सगळं लख्ख दिसलं, म्हणजे मला तसं वाटलं. अण्णांना मी जायला नको होतं. पण तोंडानं नको म्हणायचं नव्हतं. मग चॉकलेट भिजवायचं, नासवायचं. वाटेत मला पुन्हा अंधारी येईल, मी घाबरेन, आणि माझं हे चालणं आपोआप बंद पडेल. मला राग आला, आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटलं. समोर बसवून सांगायचं होतं, "माय, जाऊ नको, मला एकट्याला करमत न्हाई." मी ऐकलं असतं. असं पाठीमागून कशाला?

घरी आल्यावर मी काही बोलले नाही. आमच्या घरात संशय बोलून दाखवत नाहीत, पुरावा गोळा करतात. मुद्दाम पुढच्या महिन्यातली एक वाट ठरवली. तिसरी वडी आणली, ती तर अण्णांच्या देखत फ्रिजमध्ये ठेवली. त्यांनी वर्तमानपत्रातून मान वर केली नाही. निघायच्या दुपारी मी बॅग भरली, ती बाहेरच्या खोलीत ठेवली आणि मोठ्यानं म्हणाले, "अण्णा, मी कोपऱ्यावरून रिक्षा घेऊन येते."

"हां."

फाटक वाजवून मी बाहेर पडले आणि घराच्या मागच्या अंगाला वळले. मोरीशेजारच्या दारातून स्वयंपाकघर दिसतं. पकडल्यावर काय बोलायचं ते मी मनात जुळवत होते. आता होऊनच जाऊ दे, वाटत होतं.

अण्णा आत आले. हातात माझी वडी. ओट्याशी उभं राहून त्यांनी कड सोडवली, चांदी उलगडली, आणि वडी आईच्या पितळी ताटलीत ठेवली. ताटली देव्हाऱ्यात ठेवून निरांजन लावलं, अगदी तिला लागून. मग पळीभर पाणी घेऊन ताटलीभोवती फिरवलं. त्यांचा हात आताशा कापतो. चार थेंब वडीवर पडले.

मी शाळेच्या सहलीला निघाले की आई हेच करायची. बांधलेली शिदोरी सोडायची, कारण झाकलेलं देवाला दाखवत नाहीत, मग पाणी फिरवून पुन्हा बांधून द्यायची. वाटेनं जाणारं माणूस त्यानं सुखरूप परत येतं, असं तिचं म्हणणं. अण्णा दारातून ओरडायचे, "गाडी जाईल तिची, देव काय पळून जायलाय का?"

आता अण्णांनी कापूर लावला. आरती म्हणाले नाहीत, त्यांना ती येतच नाही. देव्हाऱ्याच्या वर आईचा फोटो आहे, त्याच्याकडं बघून ते हळू आवाजात बोलले. दुपारची वेळ, घर गप्प, मला शब्द न् शब्द ऐकू आला.

"सत्तर टक्के ती बगून आणती. लय पारखून आणती, माझ्यावर गेली हाय. बाकीचे तीस टक्के तू बग. मला न्हाई जमत."

मी जुळवलेलं एकही वाक्य जागेवर राहिलं नाही. थोड्या वेळानं वळसा घालून पुढं गेले, फाटक मुद्दाम जोरात वाजवलं आणि अंगणात चपला आपटल्या. आत गेले तर अण्णा खुर्चीत, वर्तमानपत्र उघडून. स्वयंपाकघरातून कापराचा वास येत होता. तो दोघांनीही घेतला नाही.

"रिक्षा?"

"मिळाली नाही. चालत जाते स्टेशनपर्यंत."

बॅग पाठीवर घेताना मी वरच्या कप्प्यात हात घातला. वडी तिथं होती, चांदी कोमट लागत होती.

"चाकलेट नीट बगून घेतलंस ना?" अण्णा पेपराआडून म्हणाले. "दुकानदाराचा काय भरवसा न्हाई."

"घेतलं अण्णा," मी म्हणाले. "पूर्ण बघून घेतलं."