गोटीरामचं पुसलेलं इंजिन

आमच्या निफाडच्या आळीतला गोटीराम म्हणजे नाकासमोर चालणारा माणूस. खोटं बोलायची वेळ आली तर आधी त्याचे कानच लाल व्हायचे. अशा माणसाने उभ्या आयुष्यात एकच धडधडीत खोटं बोलावं, आणि तेही मेकॅनिकशी, याचा मला अजून राग येतो.

त्याची डिझेलची गाडी वीस वर्षांची जुनी. पूर्वी लग्नसराईत भाडी मारायचा. बायकोच्या, म्हणजे सगुणाबाईच्या, किडन्या निकामी झाल्या तेव्हापासून गाडीला एकच काम उरलं. आठवड्यातून तीनदा नाशिकला डायलिसिस. एसटीने एकदा नेऊन पाहिलं, तर परतताना ती चांदोरीला भोवळ येऊन पडली. "गाडी हाय तवर सगुणा हाय," असं तो म्हणायचा.

पावसाळा सरला आणि गाडीखाली तेलाचे डाग दिसू लागले. नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या सलाउद्दीन मेकॅनिकने इंजिनाच्या वरच्या झाकणाचं पॅकिंग बदललं, इंजिन धुऊन कोरडं केलं आणि बजावलं, "गोटीरामभाऊ, तेल वरूनच येत असेल तर काम झालं. पण आत टायमिंग बेल्टच्या बाजूने येत असेल तर अवघड आहे. रबराचा पट्टा तो. तेलात भिजला की फुगतो, मग तुटतो, आणि तुटला की इंजिन गेलंच समजा. तो भाग उघडायचा तर गाडी तीन दिवस इथे ठेवावी लागेल. आधी आठ दिवस चालवून आणा. तेवढं फडकं मात्र लावू नका. पुसलंत तर तेल कुठून येतं ते मला दिसणार नाही."

तेल आलंच. तापलेल्या सायलेन्सरवर ठिबकून जळायला लागलं. डायलिसिसनंतर आधीच गळून गेलेल्या सगुणाबाईला त्या वासाने उलट्या व्हायच्या. दुसऱ्याच फेरीनंतर गोटीरामने फडकं हातात घेतलं. रोज सकाळी बॉनेट उघडून इंजिन लख्ख पुसायचा. "आता पावडर-कुंकू पण लाव तिला," अशी मी त्याची थट्टा करायचो. मेकॅनिकने काय बजावलंय ते मला कुठे ठाऊक होतं!

आठवड्याने सलाउद्दीनने बॅटरी मारून पाहिलं. कुठे थेंब नव्हता.

"पुसलं तर नाही ना, भाऊ?"

"नाय."

खरं सांगितलं असतं तर गाडी तीन दिवस अडकली असती आणि सगुणाबाईचं डायलिसिस चुकलं असतं. कुणापुढे तोंड वेंगाडायचं त्याच्या रक्तातच नव्हतं. भीड भिकेची बहीण म्हणतात ते काही उगीच नाही.

दिवाळीनंतर नाशिकला जाताना ओढा गावाच्या अलीकडे बेल्ट तुटला. गाडी जागच्या जागी बंद. आदल्या खेपेला ताप होता म्हणून सगुणाबाईचं डायलिसिस अर्ध्यावरच थांबवलं होतं. दुसरं वाहन मिळून दोघं नाशिकला पोचेपर्यंत तिची जागा दुसऱ्या पेशंटला गेली होती. सकाळी या, म्हणाले. सकाळ व्हायच्या आत तिच्या फुप्फुसांत पाणी भरलं आणि ती गेली.

दहाव्याला सलाउद्दीन नदीवर आला. बंद पडलेलं इंजिन त्याने उघडून पाहिलं होतं, आतला बेल्ट तेलाने चिंब होता. सगळ्यांसमोर तो हात जोडून म्हणाला, "माफ करा, भाऊ. कोरडं दिसलं म्हणून मी आत उघडलं नाही. उघडायला पाहिजे होतं." सगुणाबाईचा भाऊ भिमाजी उठला आणि त्याने त्याची गचांडीच धरली.

गोटीराम गप्प राहिला असता तरी कुणाला काही कळलं नसतं. पण तो मध्ये पडला.

"सोड त्याला. मीच रोज पुसत व्हतो. तिला वास सोसत नव्हता. त्यानं इचारलं, तं मी नाय म्हनलो. गाडी तीन दिस त्याच्याकडं ऱ्हायली असती, मंग सगुणाला कशात नेलं असतं?"

भिमाजीने गचांडी सोडली. तो मेव्हण्याकडे वळला.

"दाजी, माझी जीप दारात उभी व्हती. एक फोन तं करायचा."