बॉसच्या खापरपणजोबांचं मधलं नाव

दोन हजार सालच्या आसपास मी अबुधाबीजवळच्या मुसफ्फातल्या एका ऑफिसात सेक्रेटरी होते. बॉस अमेरिकन. एकोणिसाव्या शतकातल्या आपल्या खापरपणजोबांचे वडील कोण, हे शोधायचं त्याला वेड लागलं होतं, आणि दुपारी काम कमी असलं की ते शोधकाम माझ्या गळ्यात. इंटरनेटवर एक पान उघडेपर्यंत चहा निवायचा. मी चिडचिडत शोधायचे. मधलं नाव म्हणजे बापाचं, हे डोक्यात इतकं पक्कं की कितीतरी आठवडे मी त्या नावाचा बाप हुडकत होते. तो सापडेचना.

बॉसला सांगितलं तर तो हसला. म्हणाला, "ते त्याच्या आईचं माहेरचं आडनाव आहे. पुसलं जाऊ नये म्हणून मुलाला दिलेलं."

"खलास!" म्हणत मी कॉम्प्युटर बंद केला, पण मन काही थाऱ्यावर येईना. समोरच्या कपाटात, कंपनीच्या ताब्यात, माझा पासपोर्ट होता. त्यावरचं मधलं नाव नवऱ्याचं, आडनाव त्याचं, आणि पहिलं नाव लग्नात त्यानेच तांदळात लिहिलेलं.

पुढे कुणी मला शोधत आलंच, तर त्याला माझा नवरा सापडेल.