मिल्टन कीन्समधली दारूबंदी

इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्समध्ये दारूबंदी लागू करणारी मी पहिली आणि बहुधा शेवटची व्यक्ती असेन. ती आमच्या घरापुरतीच होती, पण अंमलबजावणी कडक होती.

निमित्त झालं शेजारच्या नव्या लोकांचं. आमच्या गल्लीत इतकी वर्षं राहूनही शेजाऱ्यांशी आमचा संबंध गाडीच्या काचेतून हात हलवण्यापलीकडे गेला नव्हता. मला मैत्रीण हवी होती. न विचारता दार वाजवणारी, आत येऊन "चहा टाक" म्हणणारी. अशात शिरीन आणि बहराम हे इराणी जोडपं बाजूच्या घरात राहायला आलं. शिरीनने आल्या आल्या कुंपणावरून माझ्या कोथिंबिरीची चौकशी केली आणि मी ठरवून टाकलं, ही बाई आपण हातची जाऊ द्यायची नाही. दोघांना रविवारी जेवायला बोलावलं.

तेव्हा बातम्यांत रोज इराण असायचा, अणुबॉम्बच्या चर्चेसकट. नेमका त्याच आठवड्यात टीव्हीवर इराणवर एक कार्यक्रम लागला. तासभर काळ्या कपड्यांतल्या बायका, मुठी आवळलेले पुरुष आणि मागे कुणीतरी वारल्यासारखं संगीत. दारू प्यायली तर फटके, हे निवेदकाने पुन्हा पुन्हा बजावलं. (याच टीव्हीवर भारत म्हणून झोपडपट्टी, गाय आणि साधू दाखवले की मी चॅनेलला तावातावाने ईमेल पाठवते. त्या दिवशी मात्र उद्या परीक्षा असल्यासारखी मन लावून बघत बसले.)

"मिलिंद," मी नवऱ्याला म्हटलं, "रविवारी घरात एक थेंब दिसायला नको. दे विल बी ऑफेंडेड."

"अगं, ते लंडनहून शिफ्ट झालेत. तेहरानहून नाही."

"म्हणून काय झालं? माणसाचे संस्कार कुठे जातात?"

खरा विरोध झाला तो सासऱ्यांकडून. अप्पा पुण्याहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते आणि संध्याकाळचा त्यांचा एक पेग ठरलेला होता.

"मला महाराष्ट्र सरकारचं आजन्म परमिट आहे," ते म्हणाले. "प्रकृतीसाठी. सरकारने दिलेलं सूनबाई काढून घेणार?"

"फक्त रविवारपर्यंत, अप्पा."

"आणीबाणीसुद्धा थोडे दिवस म्हणूनच आली होती."

मी बधले नाही. सगळ्या बाटल्या टॉवेलांत गुंडाळून वॉशिंग मशीनमध्ये ठेवल्या. पाहुणे कपाट उघडतील, फ्रिज उघडतील, पण वॉशिंग मशीन कोण कशाला उघडतंय?

रविवारी मी पूर्ण बाह्यांचा सलवार-कमीज घातला आणि ओढणी डोक्यावरून घेऊन पिनांनी पक्की केली.

"लग्नाच्या मांडवातसुद्धा तुझ्या डोक्यावर पदर टिकला नव्हता," अप्पा म्हणाले. "आज कोण येतंय?"

बेल वाजली. दारात शिरीन बिनबाह्यांच्या पिवळ्या फ्रॉकमध्ये, लिपस्टिक लावून उभी होती. बहरामच्या हातात कागदाची एक उंच, निमुळती पिशवी. शिरीनने माझी ओढणी पाहिली. माझ्यामागे गळ्यापर्यंत बटणं लावलेला मिलिंद पाहिला, अप्पांच्या कपाळावरचं गंध पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. ती बहरामच्या कानात फारसीत काहीतरी कुजबुजली.

"गाडीत काहीतरी राहिलं," म्हणून बहराम पिशवीसकट मागे फिरला. (राहतात शेजारच्या घरात! गाडी कसली?) परत आला तो पिशवीशिवाय, हातात जाड लोकरीचा कार्डिगन घेऊन. भर उन्हाळ्यात शिरीनने तो अंगात घातला, गळ्यापर्यंत बटणं लावली आणि मगच उंबरा ओलांडला.

"बघितलंस?" मी स्वयंपाकघरात मिलिंदला म्हटलं. "किती दबून राहायची सवय झालीय बिचारीला. एक्झॅक्टली टीव्हीवर दाखवलं तसं."

जेवण सुरू झालं. मी कोकम सरबत दिलं. शिरीनच्या कपाळावरून घाम ओघळत होता. मिल्टन कीन्समध्ये चौकाचौकात किती राउंडअबाउट आहेत, यावर सगळ्यांचं एकमत झालं आणि विषय संपला. मग मीच पुढे झुकून शिरीनच्या हातावर हात ठेवला.

"इथे मोकळेपणाने बोल," मी इंग्रजीत म्हटलं. "इथे तुला कुणाची भीती नाही."

तिने माझा हात घट्ट धरला. माझ्या ओढणीकडे बघताना तिचे डोळे भरून आले. "तूसुद्धा बोल," ती म्हणाली. "कधीही मदत लागली, तर मी भिंतीपलीकडेच आहे."

मला कसली मदत लागणार होती, ते कळेना.

तेवढ्यात अप्पा उठले. त्यांची वेळ झाली होती. स्वयंपाकघरात वॉशिंग मशीनचं दार उघडल्याचा आवाज आला आणि अप्पा टॉवेलात गुंडाळलेली बाटली तान्ह्या बाळासारखी छातीशी धरून बाहेर आले. बहरामच्या शेजारी बसून त्यांनी टॉवेल सोडला.

"महाराष्ट्रात मला परमिट आहे," ते ठासून इंग्रजीत म्हणाले. "लाइफलाँग. इथे सुनेचं सरकार आहे."

बहरामने बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "भारतात प्यायला परमिट लागतं?"

"आमच्या राज्यात लागतं. फॉर हेल्थ."

बहराम हसता हसता खुर्चीवरून घसरला. "माझे वडील तेहरानमध्ये बाथरूममध्ये द्राक्षं आंबवायचे," तो म्हणाला. "परमिट मिळतं हे कळलं असतं, तर पहाटेपासून रांगेत उभे राहिले असते." आणि तो 'गाडीतली' पिशवी आणायला पळाला.

शिरीन मात्र हसली नाही. "थांब. तुमच्या घरात पितात? मग हे डोक्यावर काय?"

"तुझ्यासाठी."

"माझ्यासाठी?" ती उभी राहिली आणि तिने कार्डिगन काढून खुर्चीवर आपटला. "वैशाली, आमच्याकडे बायका कुणाच्या घरी गेल्या की आधी डोक्यावरचं काढून खुंटीला अडकवतात. मग आत नाच, भांडणं, खाणं, सगळं होतं. कॅमेरा त्या दारातून आत येतच नाही. मी काय घालायचं हे दुसऱ्याने ठरवू नये, म्हणून मी देश सोडला. आणि या गावातल्या पहिल्याच जेवणाला मी आपण होऊन लोकर चढवली! कारण मला वाटलं, माझ्या उघड्या दंडांमुळे तुला घरात त्रास होईल."

मैत्रीण गेली, असं मला वाटलं. लाजेने मी ओढणी इतक्या जोरात ओढली की ती कानातल्यात अडकली आणि कान ओढला जाऊन मी कळवळले. शेवटी शिरीननेच पुढे येऊन ती सोडवली. सोडवता सोडवता तिला हसू फुटलं, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

पुढच्या महिन्यात तिने आम्हाला बोलावलं. या वेळी चूक करायची नाही, असा मी निश्चय केला. गुडघ्यापर्यंतचा बिनबाह्यांचा फ्रॉक घातला, लिपस्टिक लावली, वाइनची बाटली उघड हातात धरली आणि ताठ मानेने बेल वाजवली.

दार उघडलं शिरीनच्या आईने. ती आदल्याच दिवशी तेहरानहून आली होती. डोक्यावर स्कार्फ. तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, माझ्या मागे वाकून पाहिलं आणि खिन्न होऊन फारसीत काहीतरी विचारलं.

"माझ्या कपड्यांवरून का?" मी शिरीनला हळूच विचारलं.

"हो," शिरीन म्हणाली. "तिने टीव्हीवर हिंदी सिनेमे खूप पाहिलेत. ती विचारतेय, भारतीय बाई येणार होती ना, साडीवाली? ती कुठेय?"

टीव्हीवाले माणसांचे कसे साचे करतात, यावर माझ्याकडे अख्खं भाषण तयार होतं. ते गिळून मी घरी गेले आणि पैठणी नेसून आले.